विद्यापीठाचा वर्ग उघडा आहे. ऐकायचं काय आणि कसं?

येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार, असं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं. तेव्हापासून ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात त्यावर मतं ऐकू येतात. जात मोजायची कशाला, मोजली की ती आणखी घट्ट होते का, आपली जात कागदावर नेमकी कोणती लिहायची. त्याआधी जून २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून नवी मुंबई, पनवेल, उरण भागातली माणसं साखळी करून रस्त्यावर उभी राहिली. तेव्हा नव्या शहराच्या सेक्टरमधल्या इमारतींत राहणाऱ्या अनेकांना एवढा राग कुठून आला हेच कळत नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चेत चार जण एकमेकांवर ओरडतात आणि कार्यक्रम संपतो. ऐकणारा होता तिथेच राहतो.

जात, जमीन, राज्य, मत, नातेसंबंध या विषयांवर उभं आयुष्य घालवलेली माणसं विद्यापीठांत शिकवत असतात. त्यांतल्या पुष्कळांचे वर्ग आज ध्वनिमुद्रित किंवा चित्रित होऊन फुकट उपलब्ध आहेत. पण बहुतेक लोक दोन व्याख्यानं लावतात, अर्ध्यातच सोडतात आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असं म्हणतात. हे आपल्यासाठीच आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. त्यासाठी थोडी वाट दाखवावी लागते, तेवढंच.

हे नेमकं असतं काय?

तीन प्रकार ध्यानात ठेवले तरी गोंधळ कमी होतो.

पहिला प्रकार खऱ्याखुऱ्या वर्गाचा. समोर विद्यार्थी, मागे कॅमेरा, आणि सत्रभर जे शिकवलं ते जसंच्या तसं. अमेरिकेतल्या एमआयटीने आपलं अभ्याससाहित्य सगळ्यांना खुलं करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. येल विद्यापीठाने डिसेंबर २००७ पासून पूर्ण अभ्यासक्रमांची चित्रणं खुली करायला सुरुवात केली. त्यात इयान शपिरो यांचा राजकारणाच्या नैतिक पायावरचा अभ्यासक्रम आहे. सरकारला आपली निष्ठा केव्हा मागता येते आणि केव्हा ती नाकारायला हवी, या एकाच प्रश्नाभोवती तो फिरतो. इव्हान सेलेन्यी यांचा आधुनिक समाजविचारावरचा अभ्यासक्रम हॉब्जपासून सुरू होतो आणि मार्क्स, वेबर करत दुर्खीमपर्यंत येतो.

दुसरा प्रकार स्टुडिओत खास मुद्रित केलेल्या पाठांचा. यात आपण मागे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ पासून दिसू लागला. आज त्याच वाटेवर ‘स्वयं’ हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ, स्वयंप्रभा वाहिन्या आणि ई-पीजी पाठशाला आहेत. ई-पीजी पाठशालेत मानवशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचे पदव्युत्तर पातळीवरचे पाठ लेखी मजकुरासह मिळतात. चित्रीकरण साधं आहे, काही वक्ते समोरचा कागद वाचून दाखवतात. पण उदाहरणं भारतातली असतात आणि हा फायदा मोठा आहे.

तिसरा प्रकार जाहीर व्याख्यानांचा. मराठी माणसाला याची ओळख करून द्यायला नको. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि ठाण्यात रामभाऊ म्हाळगी स्मृती व्याख्यानमालेला दर जानेवारीत गर्दी होते. बीबीसीची रीथ व्याख्यानमाला १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झाली आणि तिची जुनी ध्वनिमुद्रणं आज ऐकता येतात.

पॅरिसमधलं कोलेज द फ्रान्स ही संस्था १५३० पासून आहे. तिथे कोणीही जाऊन बसावं. शुल्क नाही, परीक्षा नाही, पदवीही नाही. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी तिथे १९७० ते १९८४ या काळात शिकवलं. ऐकायला आलेले लोक त्यांच्या टेबलावर आपापले टेपरेकॉर्डर ठेवत. फूको गेल्यावर त्या कॅसेटींवरून ही व्याख्यानं उतरवली गेली आणि १९९७ पासून पुस्तकरूपाने आली. श्रोत्यांनी कॅसेट भरून ठेवल्या नसत्या तर त्यातलं बरंचसं हवेत विरलं असतं. कोणी तरी मुद्रण करतं म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला वर्गात बसता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजणं का?

एके काळी तेही होतं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावण्याचा खटाटोप केला होता. आज मानवशास्त्रात शरीर, पुरातत्त्व, भाषा आणि समाज-संस्कृती असे चार मोठे भाग मानले जातात. या लेखात फक्त शेवटचा.

सामाजिक मानवशास्त्राची खास पद्धत म्हणजे क्षेत्रकार्य: ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्यात दीर्घ काळ राहायचं, त्यांची भाषा शिकायची, त्यांच्या कामात हात घालायचा. ब्रॉनिस्लाव मॅलिनॉव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर असेच राहिले आणि ही पद्धत पुढे रूढ झाली. ढोबळपणे सांगायचं तर समाजशास्त्रज्ञ हजार घरांत प्रश्नावली घेऊन जाईल आणि राज्यशास्त्रज्ञ निकालाचे आकडे व संस्थांचे नियम पाहील. मानवशास्त्रज्ञ एकाच घरात वर्षभर जेवेल आणि लोक जे बोलतात व प्रत्यक्षात जे करतात त्यातलं अंतर टिपेल.

भारतात या भिंती पातळच राहिल्या. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पुढे तो गो. स. घुर्ये यांनी वाढवला. त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. निवडणूक आली की आपण सर्रास वापरतो तो ‘व्होट बँक’ हा शब्दप्रयोग श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये त्याच खेड्याबद्दल लिहिताना केला होता. गावातला वजनदार माणूस आपल्या आधारावर जगणाऱ्यांची मतं एकगठ्ठा वळवू शकतो, असं त्यांना सांगायचं होतं. आज तोच शब्द एखाद्या धर्माला किंवा जातीला उद्देशून फेकला जातो आणि तो वजनदार माणूस मात्र चित्रातून गायब होतो. मूळ अर्थ कळला की प्रचारसभेतलं भाषण वेगळंच ऐकू येतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे होत्या. नातेसंबंधांच्या व्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. त्यांनी मराठीतही भरभरून लिहिलं, त्यामुळे मानवशास्त्र मराठीत सांगता येत नाही ही तक्रार मला पटत नाही.

जनगणनेच्या वादात तर एक व्याख्यान हवंच होतं, पण त्याचं ध्वनिमुद्रण असणं शक्यच नव्हतं. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचा कणा म्हणजे जातीतच लग्न, हा त्याचा गाभा. समाजातला एक गट आपली दारं लावून घेतो. मग नवरा किंवा बायको मेल्यावर मागे उरणाऱ्या माणसाचं करायचं काय हा प्रश्न उभा राहतो, कारण त्या माणसाने जातीबाहेर लग्न केलं की कुंपण मोडलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या कोड्याला काढलेली क्रूर उत्तरं, असं आंबेडकर दाखवतात. पुढे इतर गट वरच्यांचं अनुकरण करतात आणि त्यांचीही दारं लागतात. जात समजायला त्यांनी नाकाची मापं घेतली नाहीत. लग्नाचे नियम पाहिले.

एक कल्पना उघडून पाहू: आहेर

कोणत्याही मानवशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात मार्सेल मॉस यांचं नाव येतंच. भेट या विषयावरचा त्यांचा निबंध १९२५ च्या सुमाराचा. भेट वरवर खुशीची असते, पण तिच्या पोटात तीन बंधनं असतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. मॅलिनॉव्स्कींच्या बेटांवर शंखांचे हार आणि कंकणं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर फिरत राहतात, हे मॉस यांचं एक उदाहरण. ऐकताना ते फार लांबचं वाटतं.

आता नवी मुंबईतल्या घणसोली किंवा ठाण्यातल्या बाळकूम गावच्या एखाद्या हळदीला जा. मांडवाच्या दाराशी वही घेऊन कोणी तरी बसलेलं असतं. कोणी काय दिलं, किती दिलं, सगळं नावासकट लिहिलं जातं. ती वही जपून ठेवतात, आणि देणाऱ्याच्या घरात कार्य निघालं की बाहेर काढतात. तेवढंच परत केलं तर हिशेब मिटल्यासारखा होतो, म्हणून थोडं वर घालायचं. कमी दिलं तर बोलणं होतं. घेतलंच नाही तर नातं तुटतं. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापणारं घर एक मोठी गोष्ट सांगत असतं: आम्हाला हे देणं डोक्यावर नको, किंवा आता त्याची गरज राहिली नाही. सेक्टरमधल्या इमारतींत ही ओळ जास्त दिसते, गावठाणात कमी, असं माझं निरीक्षण आहे.

इथून राजकारणात एका पावलात जाता येतं. निवडणुकीआधी सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसतात, बाकांवर नाव येतं, देवदर्शनाच्या बसगाड्या सुटतात, दहीहंडीला बक्षीस लागतं. याला लाच म्हणून मोकळं होता येतं, पण मग एक गोष्ट अडते. घेतलेला माणूस मतपेटीपुढे एकटा असतो, त्याला कोणी पाहत नाही. तरी त्याला मिंधेपणा का वाटतो? मॉस यांच्या चौकटीत त्याचं उत्तर सापडतं. घेतलेली वस्तू घरात असते आणि परतफेड बाकी असते. उलट बाजूही आहे. बक्षीस घेऊन मत दुसऱ्यालाच देणारे खूप असतात, आणि नगरसेवकाने केलेलं काम हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे, असं ठणकावणारेही असतात. चांगला प्राध्यापक हा आक्षेप स्वतःच पुढच्या तासाला मांडतो. म्हणून एकच तास ऐकून थांबू नये.

नकाशा, सातबारा आणि माणसं

आता विमानतळाच्या नावाकडे येऊ. येल विद्यापीठात जेम्स स्कॉट नावाचे प्राध्यापक होते. राज्यशास्त्र आणि मानवशास्त्र या दोन्हींत त्यांचं काम आहे. २०२४ मध्ये ते वारले. त्यांचा एक मुद्दा असा: राज्याला कर घ्यायचा, सैन्य उभारायचं किंवा शहर वसवायचं असेल तर आधी समाज वाचता आला पाहिजे. म्हणून कायमची आडनावं, मोजणीचे नकाशे, एकसारखी मापं, सरळ रस्ते. वाचण्यासाठी सोपं करताना बरंच काही गाळलं जातं, आणि गाळलेली माणसं पुढे अडतात.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. राज्याला ही जमीन सातबाऱ्यावरून दिसत होती: गट क्रमांक, क्षेत्र, मालकाचं नाव. पण आगरी-कोळी वस्तीचं जगणं भातशेती, मिठागर आणि खाडी या तिन्हींवर चालायचं. ज्याच्या नावे शेत होतं त्याला मोबदल्याचा कागद मिळाला. खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या नावावर पाणी नसतं. मिठागरात राबणाऱ्याच्या नावावर आगर नसतं. त्यांचं काय गेलं हे त्या कागदावर दिसत नाही.

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नवी मुंबईत ‘साडेबारा टक्के’ एवढंच म्हटलं तरी सगळ्यांना कळतं ते यामुळे. घर वाढलं, मुलांची लग्नं झाली, गावठाणाची हद्द मात्र जिथल्या तिथे राहिली, म्हणून हद्दीबाहेर घरं उठली. सरकारी भाषेत ती अनधिकृत आहेत आणि गावात त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. एकाच भिंतीला दोन नावं आहेत, आणि कोणतं नाव वापरायचं यावर ती पडणार की नियमित होणार हे ठरतं. विमानतळाच्या नावाचा आग्रह या सगळ्या इतिहासातून आला. तो माहीत नसेल तर आंदोलन हट्टासारखं दिसतं.

जनगणनेलाही हेच लागू पडतं. देशातली पहिली व्यापक शिरगणती १८७१-७२ ची. सर्व जातींची तपशीलवार मोजणी प्रसिद्ध झाली ती शेवटची १९३१ ची. शिकागो विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहन यांनी दाखवलं की रकाने भरताना लोकांना आपली ओळख ठरावीक चौकटीत सांगावी लागली, आणि पुढे त्या चौकटींवरच संघटना व मागण्या उभ्या राहिल्या. घरचं उदाहरण घ्या: महादेव कोळी आणि मल्हार कोळी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडतात, किनाऱ्यावरचे सोनकोळी मोडत नाहीत. प्रगणकापुढे नुसतं ‘कोळी’ म्हटलं तर काय लिहिलं जाईल? मोजल्याने जात घट्ट होते, असं कोहन यांच्या आधाराने म्हणता येतं. न मोजल्याने कोणाच्या वाट्याला काय आलं हे कधीच कळत नाही, हेही तितकंच खरं. माझं मत मोजावं असं आहे, पण पहिला मुद्दा ऐकल्यावर ते मी जास्त सावधपणे मांडतो.

पण हे सगळं तर इंग्रजीत!

बरंचसं इंग्रजीत आहे, आणि ही अडचण खरी आहे. येलच्या अभ्यासक्रमांबरोबर प्रत्येक व्याख्यानाचा लेखी मजकूर मिळतो. तो आधी वाचावा, मग ऐकावं. उच्चारांची भीती निम्मी होते. वेग कमी करता येतो, खाली अक्षरं लावता येतात. घरात कोणी कॉलेजात असेल तर दोघांनी मिळून ऐकावं. ‘स्वयं’वरच्या काही अभ्यासक्रमांना भारतीय भाषांतली अक्षरं जोडलेली असतात. अनुवाद यांत्रिक असला की पारिभाषिक शब्द हमखास बिघडतात, तेवढं लक्षात असू द्यावं.

पाश्चात्त्यांनी आपल्याला काय शिकवायचं?

ही शंका रास्त आहे. मानवशास्त्र वसाहतींच्या काळात वाढलं, रिस्ले यांची मोजपट्टी त्याच घरातली. पण त्या इतिहासावरची सर्वांत कठोर टीका आज याच विषयाच्या वर्गांत ऐकायला मिळते. आणि घुर्ये, कर्वे, श्रीनिवास, आंबेडकर हे परके नव्हते. प्राध्यापकाचा कल असतोच. फरक एवढा की अभ्यासक्रमाला वाचनयादी असते, आणि त्या यादीत विरोधी मत मांडणाराही असतो. दहा मिनिटांत सगळं समजावणाऱ्या व्हिडिओला अशी यादी नसते. वक्त्याने कशावरून म्हटलं हे तपासायची सोय आहे की नाही, एवढं पाहिलं तरी निवड सोपी होते.

ऐकायचं कसं?

कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेऊन तत्त्व उलगडतात, उत्तररंगात आख्यान लावून ते उभं करतात. ध्वनिमुद्रित व्याख्यान म्हणजे पूर्वरंग. आख्यान आपल्या गल्लीतलं घ्यावं लागतं. भेटीवरचा तास ऐकला की घरातली आहेराची वही काढावी. राज्यावरचा ऐकला की आजोबांना विचारावं, सिडकोची मोजणी झाली तेव्हा बांधावर कोण उभं होतं.

एका वेळी एकच अभ्यासक्रम धरावा. पहिले दोन तास नावांच्या गर्दीत जातात, तिसऱ्यापासून धागा हाती लागतो. गाडीत ऐकत असाल तर उतरल्यावर तीन ओळी लिहून ठेवा: वक्त्याचं म्हणणं, त्याचा पुरावा, मला न पटलेलं. तिसरी ओळ सर्वांत उपयोगाची. दोन-चार जण मिळून ऐकलं तर उत्तम. ग्रंथालयाच्या वाचन कक्षाबाहेर किंवा सोसायटीच्या कार्यालयात तासभर बसायला कोणी अडवत नाही.

तुकडा कापून पुढे पाठवला तर?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात जाहीर भाषण करणाऱ्याला त्या भाषणाचा पहिला मालक मानलं आहे, आणि कलावंतांच्या व्याख्येत नट, गायक, वादक यांच्याबरोबर व्याख्यान देणाऱ्याचाही समावेश आहे. म्हणजे व्याख्यानमालेत मोबाइलवर परवानगीशिवाय केलेलं मुद्रण पुढे पाठवणं योग्य नाही. येल आणि एमआयटी यांनी मात्र आपले अभ्यासक्रम खुल्या परवान्याखाली ठेवले आहेत: नाव द्या, व्यापार करू नका, आणि बदल करून पुढे दिलंत तर त्याच अटींवर द्या. त्या परवान्यात मराठी अनुवादही बसतो. कोणी हे काम हाती घेतलं तर ठाण्यातल्या कितीतरी मुलांचं भलं होईल.

प्रमाणपत्राचं काय?

नुसतं ऐकायचं असेल तर त्याची गरज नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी गोष्ट वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) घेता येतात. त्यासाठी आपल्या कॉलेजची आणि विद्यापीठाची मान्यता नोंदणीआधीच विचारून घ्यावी, कारण नंतर धावपळ होते. अभ्यासक्रम ऐकणं फुकट आहे, शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिला शुल्क असतं. नवी सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात.